कथेने दिलेला शब्द

मे २०१९. अमेरिकेत रविवारची रात्र आणि आपल्याकडे सोमवारची सकाळ. मुंबई-पुण्यातली कितीतरी तरुण मंडळी ऑफिसला निघण्याआधी, साडेसहाच्या ठोक्याला हॉटस्टार लावून बसली होती. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटून दुसरा भाग सुरू होता. किंग्ज लँडिंग या राजधानीने शरणागती पत्करली, घंटा वाजल्या, आणि तरीही डेनेरिस टार्गेरियनने ड्रॅगनवर बसून ते शहर जाळून टाकले. आठ सीझन जिला गुलामांच्या बेड्या तोडताना पाहिले, तिच्याच हातून गल्लीबोळातली मुलेबाळे होरपळली. शेवटचा सीझन ‘सक्षम लेखकांकडून’ नव्याने करून घ्या, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावरच्या सह्या पुढे १८ लाखांपलीकडे गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. ३२ नामांकनांपैकी १२ पुरस्कार मालिकेच्या पदरात पडले.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. प्रश्न वेगळा आहे. आवडत्या पुस्तकावर मालिका निघते, तेव्हा तिच्यावर रागावण्याचा चाहत्याला हक्क आहे का? असेल, तर तो कुठवर? ‘गेम ऑफ थ्रोन्स’नंतर ‘द व्हील ऑफ टाइम’, ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ अशा मालिका आल्या आणि प्रत्येकीच्या वेळी हाच वाद पेटला. म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

आधी वाचकांची बाजू. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या ग्रंथमालेचे पहिले पुस्तक १९९६ मध्ये आले. एचबीओची मालिका सुरू झाली एप्रिल २०११ मध्ये. मधली पंधरा वर्षे वाचकांनी ते जग जपले, घराण्यांच्या वंशावळी पाठ केल्या, पुढे काय होणार याचे तर्क लढवले. ‘रेड वेडिंग’ म्हणून ओळखले जाणारे लग्नघरातले हत्याकांड २००० सालच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. मालिकेत ते २ जून २०१३ रोजी दिसले. पुस्तके वाचलेल्या चाहत्यांना ते तेरा वर्षांपासून ठाऊक होते, पण त्यांच्यातल्या कित्येकांनी आपल्या जवळच्या माणसांना त्याचा सुगावा लागू दिला नाही. त्या रात्री काहींनी मित्रांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपून ठेवले. दुसऱ्याचा धक्का हिरावला जाऊ नये म्हणून इतकी वर्षे तोंड मिटून बसणे हेही कथेवरचे प्रेमच आहे. मालिकेला पहिले निष्ठावान प्रेक्षक मिळाले ते याच प्रेमातून. तेव्हा ‘तुमचा काय संबंध?’ असे या वाचकांना विचारता येणार नाही.

त्यांच्या दुखण्याला आणखी एक पदर आहे. पाचवे पुस्तक जुलै २०११ मध्ये आले. सहावे, ‘द विंड्स ऑफ विंटर’, अजून आलेले नाही. २०१६ मधल्या सहाव्या सीझनमध्ये मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. होडोर या भाबड्या, एकच शब्द बोलणाऱ्या सेवकाच्या नावामागचे रहस्य वाचकांना कळले ते पडद्यावर. ज्यांनी मूळ लेखकाच्या शब्दांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना कथेचा शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला. पुस्तकांवरच्या मालिकांच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल.

आता मालिका करणाऱ्यांची बाजू. मार्टिन यांनी १९८० च्या दशकात टीव्हीसाठी पटकथा लिहिल्या होत्या. तिथल्या बजेटच्या चौकटीला कंटाळून त्यांनी पडद्यावर मावणारच नाही एवढे मोठे काहीतरी लिहायला घेतले, तीच ही ग्रंथमाला. प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या डोळ्यांतून उलगडते, त्यामुळे पानांवरचा निम्मा संघर्ष पात्रांच्या मनात चालतो. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. बालकलाकार मोठे होतात, पैसा संपतो, हवामान साथ देत नाही. शेवटच्या सीझनमधल्या ‘द लाँग नाइट’ या लढाईसाठी उत्तर आयर्लंडच्या थंडीत ५५ रात्री उघड्यावर चित्रीकरण झाले. पुस्तकात जसे आहे तसेच पडद्यावर हवे, ही मागणी अशा कामापुढे तोकडी वाटते.

शिवाय बदल म्हणजे नुकसान, असेही नाही. पुस्तकात हॅरनहॉलच्या किल्ल्यात लपलेली आर्या स्टार्क कधीही टायविन लॅनिस्टरच्या सेवेत नसते. मालिकेच्या दुसऱ्या सीझनने त्या दोघांना एका खोलीत आणले. चार्ल्स डान्स आणि मेझी विल्यम्स यांचे ते प्रसंग मालिकेतल्या सर्वांत देखण्या प्रसंगांत मोडतात, आणि त्यांचे कौतुक करण्यात पुस्तकांचे वाचकही मागे नव्हते. बदल कथेच्या स्वभावाला धरून असेल तर वाचक तो आनंदाने स्वीकारतो.

मराठी वाचकाला हे नवे नाही. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मालिका दूरदर्शनवर आली आणि एका पिढीसाठी थोरल्या माधवरावांना रवींद्र मंकणींचा चेहरा मिळाला. कादंबरी वाचताना मनात उमटलेला चेहरा पुसला गेला आणि कुणाची फारशी तक्रार नव्हती. पाठभेद हा शब्द तर आपल्या हाडीमासी भिनलेला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. एकच कथा प्रत्येक प्रांतात थोडी निराळी सांगितली गेली, म्हणून ती खोटी ठरली नाही. फरक एवढाच की महाभारताचा कर्ता हयात नाही आणि त्याची कथा पूर्ण झालेली आहे. मार्टिन हयात आहेत आणि त्यांची कथा अपुरी आहे.

मग रागावण्याला आधार कोणता? चाहत्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्या तीन प्रकारच्या दिसतात. ‘पुस्तकात असे नव्हते’ हा पहिला प्रकार. ‘कथेने स्वतःच दिलेला शब्द मोडला’ हा दुसरा. ‘हा माणूस इथे नको’ हा तिसरा. या तिन्हींना एकाच मापाने मोजले की वादाचा गोंधळ होतो.

पहिल्या तक्रारीचे उत्तर वर आलेच आहे. केवळ वेगळेपण हा दोष नव्हे. दुसरी तक्रार मात्र गंभीर आहे, आणि तिला खुद्द मूळ लेखकाची साक्ष आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्टिन यांनी ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मधल्या एका बदलाबद्दल जाहीर नाराजी लिहिली आणि थोड्याच वेळात ती काढूनही टाकली. त्यांच्या ‘फायर अँड ब्लड’ या पुस्तकात हेलेना राणीला तीन मुले आहेत. मारेकरी तिला दोन मुलग्यांपैकी कुणाला मारायचे ते निवडायला लावतात. मालिकेत मेलर हा धाकटा मुलगा नाहीच, त्यामुळे त्या भीषण निवडीची धार गेली. पण मार्टिन यांचा खरा आक्षेप त्यापुढचा होता. मेलर नाही म्हणजे त्याचा पुढचा मृत्यू नाही, आणि त्या मृत्यूने खचलेल्या हेलेनाच्या आत्मघाताला, तिच्यामागून राजधानीत पेटणाऱ्या दंगलीला जी कारणांची साखळी आहे तिची एक कडीच निखळते. दोन वर्षांचे बालकलाकार मिळवणे आणि सांभाळणे किती अवघड, हे त्यांना मान्य होते. मूल वगळल्याने पुढे काय काय वगळावे लागेल, हा त्यांचा प्रश्न होता.

हाच निकष डेनेरिसला लावून पाहू. मालिकेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तिची क्रूरता अचानक आली नाही. मीरीनमध्ये तिने १६३ गुलाम-मालकांना खांबांवर ठोकले होते. गुडघे टेकायला नकार देणाऱ्या टार्ली पिता-पुत्रांना तिने सातव्या सीझनमध्ये जाळले होते. तिच्या बापाने तर हीच राजधानी भस्म करण्याचा घाट घातला होता. शिवाय शेवटातल्या काही मोठ्या घटना मार्टिन यांनीच निर्मात्यांना आधी सांगून ठेवल्या होत्या. हे सगळे खरे आहे. पण प्रवृत्ती आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपराध्याला कठोर शिक्षा देणारी राणी निरपराध लेकरांना जाळते, या दोन टोकांमधली वाट लांब आहे आणि ती प्रेक्षकाला तिच्यासोबत चालायला मिळायला हवी होती. पहिले सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे होते. शेवटचे दोन मिळून तेरा भागांत आटोपले. एचबीओची मालिका आणखी लांबवायला ना नव्हती. ७३ भागांत संपवण्याचा निर्णय डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या निर्मात्यांचा होता.

आमचे मत असे की डेनेरिस जिथे पोहोचली ते ठिकाण चुकीचे नव्हते. तिथवरचा रस्ता कापला गेला. इथे प्रत्येक कृतीची किंमत चुकवावी लागते, हा शब्द या मालिकेने पहिल्या सीझनमध्ये नेड स्टार्कचे शिर उतरवून दिला होता. त्या शब्दावर विसंबूनच लोक आठ वर्षे बसले. तो पाळला गेला नाही असे त्यांना वाटले असेल, तर त्या वाटण्याला आधार आहे.

पण गाऱ्हाणे रास्त असले म्हणून ते मांडण्याची प्रत्येक तऱ्हा रास्त ठरत नाही. सह्या गोळा करून सीझन पुन्हा करायला सांगणे हे साफ चुकीचे होते. सान्सा स्टार्कची भूमिका करणाऱ्या सोफी टर्नरने त्या अर्जाला अनादर म्हटले, कारण त्यात पडद्यामागे राबलेल्या शेकडो माणसांच्या कष्टांची किंमत शून्य ठरत होती. तिचे म्हणणे पटण्यासारखे आहे. कथा ही बहुमताने ठरवायची गोष्ट नव्हे. सह्यांच्या बळावर शेवट बदलू लागला, तर ‘रेड वेडिंग’सारखा प्रसंग कुणी लिहिणारच नाही, कारण लाडक्या पात्रांच्या मरणावर सही करायला कोण तयार होईल? वाचकांनी ज्या निर्भयतेसाठी मार्टिन यांच्यावर प्रेम केले, तिचाच गळा असल्या मागणीने घोटला जातो.

तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीबद्दल मात्र तोलून बोलण्यासारखे काही नाही. २०२२ मध्ये टॉल्किनच्या कथाविश्वावरची ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ आली, तेव्हा एल्फची भूमिका करणाऱ्या इस्माएल क्रूझ कॉर्डोव्हाला त्याच्या वर्णावरून विखारी संदेश आले. कलाकारांना एकत्र निवेदन काढून या वंशद्वेषाचा निषेध करावा लागला. त्याच वर्षी ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मधल्या स्टीव्ह टूसां याच्याही वाट्याला असेच आले. याला समीक्षा म्हणता येत नाही. टॉल्किनच्या नावाचा आडोसा घेऊन माणसाला त्याच्या कातडीवरून हिणवणे म्हणजे टॉल्किनवरचे प्रेम नव्हे.

या द्वेषाचा पहिला फटका कलाकारांना बसतो आणि दुसरा प्रामाणिक चाहत्यांना. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’च्या वेळी अॅमेझॉनने प्रेक्षकांची मते प्रसिद्ध करण्याआधी ७२ तास रोखून धरली. द्वेषाच्या लोंढ्यापासून बचाव म्हणून ते समजण्याजोगे होते. पण त्याच गाळणीत, पटकथेची गती सैल आहे किंवा कालक्रम गुंडाळला आहे असे सभ्यपणे सांगणारा वाचकही अडकला. एकदा सगळीच टीका द्वेषाच्या खात्यावर टाकता आली, की निर्मात्यांना खरी टीका ऐकायचे कारण उरत नाही. म्हणून चाहत्यांच्या गोतावळ्यातला द्वेष आवरणे ही चाहत्यांचीच जबाबदारी आहे. ते काम बाहेरच्या कुणाला जमणार नाही.

ऐकणे आणि धीर धरणे दोन्ही बाजूंनी झाले तर काय होऊ शकते, हे ‘द व्हील ऑफ टाइम’ने दाखवले. रॉबर्ट जॉर्डन यांची ही १४ पुस्तकांची माला. २००७ मध्ये ते गेले आणि शेवटची तीन पुस्तके ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केली. २०२१ मध्ये मालिका आली तेव्हा वाचक नाराज झाले. पेरिन या पात्राला पुस्तकात नसलेली बायको देऊन पहिल्याच भागात त्याच्या हातून तिचा जीव घेतला, हे अनेकांना पटले नाही. तिसऱ्या सीझनमध्ये मात्र कथानायक रँड आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांनी एका जमातीचा इतिहास मागे मागे जात पाहतो, तो भाग आला आणि जुन्या टीकाकारांनीही मनापासून दाद दिली. त्या भागातही काटछाट होती, पण प्रसंगाचा कणा शाबूत होता. मे २०२५ मध्ये मालिका बंद झाली. सूर सापडला आणि वेळ संपली, ही हळहळ वाचकांना आजही आहे.

मालिका करणाऱ्यांनी जे बदलायचे ते बदलावे, पण एक कडी काढली तर तिच्यावर टांगलेले सगळे सावरण्याची तयारी ठेवावी. चाहत्यांनी जाब विचारावा, पण तो कलाकृतीला विचारावा. कथा पुस्तकासारखी आहे का, यापेक्षा ती आपल्याच शब्दाला जागली का, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. आणि अभिनेत्याचा रंग, लेखकाचे आयुष्य, त्याला पुढचे पुस्तक लिहायला लागणारा वेळ, यांवर कुणाचा काडीइतकाही हक्क नाही.

हे फार अवघड नाही, याचा दाखला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली त्याच मे २०१९ मध्ये मिळाला होता. मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत, डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्कला दोनदा मेंदूतल्या रक्तस्रावाला तोंड द्यावे लागले होते. मेंदूला इजा झालेल्यांना सावरायला मदत करणारी ‘सेम यू’ ही संस्था तिने २०१९ मध्ये उभी केली. शेवटच्या सीझनवर सर्वांत कडवट टीका करणाऱ्या चाहत्यांच्या एका गटाने, तिच्या कामाबद्दल कृतज्ञता म्हणून, त्या संस्थेसाठी पैसे गोळा केले. डेनेरिस ज्या तऱ्हेने लिहिली गेली ती त्यांना मान्य नव्हती, पण डेनेरिस साकारणारीचा त्यात दोष नाही हे त्यांना कळत होते.