एकट्या बैलाचा भाव



गावी जाताना हैदराबाद-नागपूर रस्त्यावर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, इच्चोडा लागतं. तिथला बैलबाजार तुमच्यापैकी अनेकांनी गाडीच्या काचेतून पाहिला असेल. मीही इतकी वर्षं तसाच पाहिला. मागच्या फेब्रुवारीत मात्र बाबांबरोबर, हातात कासरा धरून आत गेलो.

त्याआधीच्या पावसाळ्यात वीज पडून आमच्या जोडीतला सर्जा गेला. राजा एकटा उरला. बाबांनी शेजारच्या काकांशी सावड केली. त्यांचा एक बैल आणि आमचा एक अशी जोडी जुंपून दोन्ही घरांच्या कपाशीची डवरणी निघाली. पुढे काकांनी ट्रॅक्टर घेतला आणि त्यांचा बैल विकला. बाबा म्हणाले, "आता आपलाही काढून टाकू."

माझा हिशेब सरळ होता. गावात तशा जोडीला ८० हजार सांगत होते, म्हणजे एकाचे ४०. पहिला हेडी आला. त्यानं राजाचा ओठ वर करून दात पाहिले. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे पडून कायमचे दात जोडीजोडीनं येतात, म्हणून दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की 'जुळला'. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून काढायचं. मग त्यानं खूर पाहिले, खांद्यावर हात फिरवला, चार पावलं चालवलं आणि म्हणाला, "चोवीस."

मला वाटलं फसवतोय. मी बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, हा निम्म्याचाही भाव नाही."

"काऊन, जोडीच्या निम्मा एक बैल होतो का?" बाबा म्हणाले. "घेणाऱ्याला आता याच्या उंचीचा, याच्या चालीचा दुसरा शोधावा लागंल. नाही मिळाला तर हा दावणीला उभा राहून खाणार. ती जोखीम तो भावातून कापतो."

दुसरं कारण महिन्याचं. फेब्रुवारीत कापूस वेचून झालेला, वखरणी अजून लांब. बैलाला काम नाही, खायला मात्र रोज लागतं. आपल्याकडे ज्वारी होती तेव्हा घरचा कडबा असायचा. कापसानं पैसा दिला, पण वैरण दिली नाही. त्यामुळे ज्याचा कडबा संपतो तो याच दिवसांत बैल बाजारात आणतो, आणि हेड्याला ते बरोबर ठाऊक असतं. मृगाच्या तोंडावर पेरणीची घाई सुरू झाली की तोच बैल शोधत लोक फिरतात.

बाबांच्या तरुणपणी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. शेतमालाच्या बाजारात याला 'हत्ता' म्हणत. भोवतीच्या लोकांना आकडा कळत नसे. उघड लिलावाचे नियम आले तशी तिथं ती पद्धत मागे पडली. मला वाटायचं, भाव उघड झाला की शेतकऱ्याचा प्रश्न सुटला. एखादं ॲप काढावं, असंही मनात होतं. पण त्या दिवशी 'चोवीस' हा आकडा सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलेला होता. तो ऐकूनही ज्याला त्याच दिवशी पैसे हवेत, त्यानं काय करायचं?

आम्ही राजाला परत आणलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी बेला भागातले एक शेतकरी आपला एकटा बैल घेऊनच आले होते. त्यांनी दोघांना शेजारी उभं करून उंची पाहिली, जू मानेवर ठेवून थोडं चालवलं. राजानं दहा महिन्यांनी ओळखीचं काम असल्यासारखी मान खाली घातली. ३८ हजारांना सौदा झाला. इसार घेताना बाबांनी एवढंच विचारलं, "दोघांना एकाच दावणीला बांधाल ना?"

परतताना मी हिशेब केला. १४ हजार जास्त मिळाले. त्यातून साडेतीन महिन्यांचा कडबा आणि ढेप ९ हजार, दुसऱ्या फेरीचं गाडीभाडं दीड हजार. हातात उरले साडेतीन हजार. ऑफिसात असा प्रस्ताव कुणी मांडला असता तर मीच नाकारला असता. पण हेड्याकडून राजा कुठे गेला असता ते कळलं नसतं. आता तो जुवाखाली आहे, हे बाबांना माहीत आहे.

२०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांची तुलना केली तर देशातले बैल-वळू-गोऱ्हे सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले दिसतात. ट्रॅक्टर आले, आणि त्यात वाईट काही नाही. आमच्या घरीही आता बैल नाहीत, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. पण ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहेत, कपाशीच्या ओळींत डवरा चालवायचा आहे, त्यांची शेती अजून जोडीवरच चालते. त्यांचा एक बैल गेला की सगळंच अडतं.

आम्ही थांबू शकलो, कारण कडब्याचे ९ हजार माझ्या पगारातून गेले. आमच्या शेजारीच एक जण १९ हजारांना बैल देऊन गेले. त्यांचा बैल राजापेक्षा उणा नव्हता. त्यांना थांबणं परवडणारं नव्हतं, एवढाच फरक.

म्हणून माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींना एक सांगणं. पोळ्याला आपण बैलांचे फोटो टाकतो, ते टाकाच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये घरून फोन आला आणि बोलता बोलता "बैल काढायचा विचार आहे" असं कुणी म्हणालं, तर भाव विचारण्याआधी विचारा, "कडबा किती दिवसांचा उरलाय?" ते उत्तर ऐकून जमेल तेवढे पैसे त्याच दिवशी पाठवा. मृग लागल्यावर पाठवलेल्या पैशांनी तो बैल परत येत नाही.

पुढच्या महिन्यात भेटू.