मरणोन्मुख राजकन्या कीं सुंदरी?

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील एका चित्रावर दीड शतक अन्याय चालू आहे. मंचकावर बसलेली, मान कलंडलेली, पापण्या मिटूं लागलेली एक राजस्त्री. मागून तिला सांवरणारी एक दासी, पंखा घालणारी दुसरी, भोंवतीं चिंतातुर परिवार. आणि चित्राचें नांव काय, तर 'मरणोन्मुख राजकन्या'! एकोणिसाव्या शतकांत कथेची ओळख पटली नव्हती, तेव्हां हें नांव पडलें. आतां ओळख पटल्यावरही सुशिक्षितांनीं तेंच मिरवावें, हें अक्षम्य होय.

ही स्त्री बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यांत तिची कथा आहे. तिच्या मुखावरची ओली वेलबुट्टी वाळण्यापूर्वीं परत येण्याचें वचन देऊन नंद घराबाहेर पडला. बुद्धानें आपलें भिक्षापात्र त्याच्या हातीं दिलें. तें घेऊन तो मागोमाग विहारापर्यंत गेला, आणि मन नसतांही त्याचें मुंडण झालें. चित्रांत सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे. मुकुट परत आला. तो धारण करणारा आला नाहीं. सर्व चित्राचा अर्थ त्या मुकुटांत आहे.

नांव चुकलें म्हणून चित्राचें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें पाहणाऱ्याच्या दृष्टीचें. 'मरण' हा शब्द कानीं पडला कीं दृष्टि मंचकावर खिळते आणि मुकुट दिसेनासा होतो. रुग्णशय्या तेवढी उरते. धर्म आणि संसार यांचा झगडा नाहींसा होतो.

दुसरा अन्याय स्तुतीचा आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांसह १८७२ पासून येथील चित्रांच्या नकला केल्या. त्यांचे उपकार थोर आहेत. याच चित्राच्या भावदर्शनाला कलेच्या इतिहासांत तोड नाहीं, असें सांगून त्यांनीं पुस्ती जोडली कीं, फ्लॉरेन्सच्या चित्रकाराला रेखाटन आणि व्हेनिसच्या चित्रकाराला रंग अधिक चांगले साधले असते. हें वाक्य आपण प्रशस्तिपत्रासारखें जपलें. परंतु माप कोणाचें? फ्लॉरेन्समध्यें १४२७ च्या सुमारास मासाच्चोनें ख्रिस्ती त्रैक्याचें भित्तिचित्र काढलें. त्यांतील कमानीच्या रेषा एका बिंदूकडे धांवतात. पाहणाऱ्यानें एका जागीं उभें राहावें, अशी ती योजना. अजिंठ्याच्या भिंतीवर तशी चौकट नाहीं. खांबांनीं दालनें वेगळीं होतात, एका प्रसंगांतून दुसरा उमलतो, आणि पाहणारा चालत चालत कथा वाचतो. तिला फ्लॉरेन्सचें माप लावणें म्हणजे ओवीला शार्दूलविक्रीडिताचे गण लावून ती चुकली म्हणण्यासारखें आहे.

हें लेणें वाकाटक नृपति हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत भिक्षुसंघाला दिलें. संसार सोडून आलेल्यांच्या निवासांत, त्यांच्या रोजच्या नजरेसमोर, मागें राहिलेल्या स्त्रीचें दुःख रंगविलें गेलें! वैराग्याची किंमत घरीं कोण देतें, हें त्या चिताऱ्यानें झांकलें नाहीं. आपण मात्र तिला एका अनाम रोगानें मारून तो प्रश्नच झांकून टाकला. घरांतील मुलांना हें चित्र दाखवितांना निदान एवढें करावें: तिला सुंदरी म्हणावें, आणि आधीं मुकुट दाखवावा.