भरपाई म्हणजे अब्रूची किंमत नव्हे

"सरकारकडून पैसे मिळाले ना, मग आता कशाला कोर्टकचेऱ्या?" अत्याचार झालेल्या मुलीबद्दल असं बोलताना मी बायकांनाही ऐकलंय. मैत्रिणींनो, हा गैरसमज आपणच खोडायला हवा.

बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. आधी मदत दोन ते तीन लाखांची होती, २०१७ मध्ये ती दहा लाखांपर्यंत वाढवली. हे पैसे आरोपी नाही, सरकार देतं. म्हणून ते घेणं म्हणजे तडजोड नव्हे. खटला चालूच राहतो. उलट आरोपी सापडला नाही, तरी कायद्याने भरपाईसाठी अर्ज करता येतो.

औषधपाणी, बुडालेली मजुरी, जिल्ह्याच्या गावी कोर्टाच्या खेपा... गरिबाने हे कुठून भागवायचं? हात रिकामा असला की साक्षीतलं बळही जातं. ती खंबीर उभी राहावी, यासाठीच ही मदत.

अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. तिथे बाईला वकीलही मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पण भेदरलेल्या आईला हे सांगणार कोण? प्रत्येक पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात याची ठळक मराठी पाटी हवीच. ती लागेपर्यंत आपले बचत गट, भिशी, हळदीकुंकू आहेतच की! तिथे साड्यांबरोबर याबद्दलही बोलूया.