मोटार अमोल, कामगार बेदखल

१० जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात किसिमी येथे एका जुन्या हिरव्या मोटारीचा लिलाव झाला. शुल्क धरून तिला ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले. ही मोटार म्हणजे १९६८ ची फोर्ड मस्टँग. त्याच वर्षीच्या ‘बुलिट’ चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून स्टीव्ह मॅक्क्वीन जो पाठलाग करतो, तो या मोटारीतून. तिची कीर्ती त्या काही मिनिटांची.

१९७४ मध्ये एका कुटुंबाने ती ६,००० डॉलरला विकत घेतली आणि घरातील शिक्षिका तिच्यातून शाळेत जाऊ लागली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्क्वीनने पत्र लिहून ती मागितली. कुटुंबाने दिली नाही. म्हणजे मोटार रोज उपयोगी पडत होती तेव्हा तिचे मोल हजारांत होते. उपयोग संपला आणि ते लाखांत गेले! बाजाराचा न्याय तो हाच.

हे मोल निर्माण कोणी केले? मॅक्क्वीनने स्वतः बरीच मोटार हाकली, हे खरे. परंतु जिवावरची कामे बड एकिन्ससारख्या साहसवीरांनी केली. उड्यांचे हादरे सोसावेत म्हणून मॅक्स बालचाउस्की या कारागिराने गाडी बळकट केली. आणि फ्रँक केलर यांच्या संकलनाने त्या दृश्याला प्राण दिला, ज्यासाठी त्यांना ऑस्करही मिळाले. त्याही आधी सॅन होझेजवळच्या मिल्पिटास येथील फोर्डच्या कारखान्यात अनामिक कामगारांनी ती जोडली होती.

त्या कारखान्याचे पुढे काय झाले? १९८३ मध्ये त्याला टाळे लागले आणि १९९४ मध्ये त्याच वास्तूत भव्य मॉल उघडला. मोटारीचा प्रत्येक ओरखडा इतिहास म्हणून जपला गेला. ती घडविणारे हात मात्र त्या इतिहासातून बेदखल झाले.

जुन्या वस्तू जपू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. सुबक यंत्र हे मानवी बुद्धीचे व श्रमाचे लेणे आहे आणि चित्रपटातील त्याची झेप सर्वांनाच आनंद देते. आक्षेप आहे तो स्मृतीच्या खाजगी मालकीला. लाखो प्रेक्षकांच्या प्रेमातून वाढलेले मोल अखेर एका मालकाच्या खात्यात जमा होते. अशा वस्तू संग्रहालयात, सर्वांसाठी असाव्यात आणि त्यांच्याशेजारी त्या घडविणाऱ्यांचीही नावे असावीत. कार्यकर्त्यांनी तरी कोणत्याही चकचकीत वस्तूपुढे उभे राहून पहिला प्रश्न हाच विचारावा: ही घडविली कोणी?