कांद्याची मुळी आणि वीस गुण

आमची पुतणी रेणापुरात घरीच राहून बारावीचा अभ्यास करते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत. जीवशास्त्राच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे. परीक्षा नेमलेल्या केंद्रात होईल. पण हात कुठे बसवायचा? वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लातूर काही लांब नाही. तुम्हीच बघून या."

लातुरात वर्गांना काय तोटा! पहिल्या ठिकाणी कपाटभर बाटल्या, माशापासून सापापर्यंत. सूक्ष्मदर्शक मात्र दोन, मुले चाळीस आणि स्लाइडी विकतच्या. रांगेने डोळा लावायचा नि वहीत चित्र उतरवायचे. याला प्रात्यक्षिक म्हणायचे, तर सिनेमालाही म्हणावे!

दुसरीकडच्या बाईंना मी एकच विचारले, "कांद्याच्या मुळीचा प्रयोग मुलगी स्वतः करील ना?"

"मुळ्यासुद्धा तिनेच वाढवायच्या," त्या म्हणाल्या.

कांदा पाण्याच्या पेल्यावर बसवायचा. तीन-चार दिवसांनी मुळ्यांची टोके कापायची, तीही सकाळी. तेव्हा पेशींचे विभाजन जोरात असते. मग आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिनचा रंग, थोडी ऊब आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाब. दाब कमी पडला की पेशी एकीवर एक चढतात, काही दिसत नाही. पाच-सहा वेळा फसल्यावर हात बसतो. चित्रफीत पाहून बसत नाही.

वहिनींना बेडूक कापण्याची धास्ती होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतलेही विच्छेदन बंद करायला सांगितले, हे ऐकून त्या निर्धास्त झाल्या.

फी मात्र दुसरीकडेच जास्त. दादा कुरकुरले, आणि संध्याकाळी बाजारातून कांदे घेऊन आले.