वसईचा विजय आणि नंदाखालचे चर्च

राधानगरीच्या शाळेपासून नाशिकच्या महाविद्यालयापर्यंत 1739 चा वसईचा विजय शिकवला जातो. चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. किल्ल्याबाहेरच्या गावांतील मराठी ख्रिस्ती समाज मात्र ठाऊक नसतो.

1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. जवळच्या नंदाखाल गावात 1573 मध्ये चर्च स्थापन झाले. पुढे सत्ता पालटली, युरोपीय धर्मगुरू निघून गेले. किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चचा आज केवळ भग्न सांगाडा आणि मनोरा उरला आहे. किल्ला ओस पडला, गावे ओस पडली नाहीत. देशी धर्मगुरू व शेतकरी यांनी उपासना टिकवली, आणि आपली मराठी बोलीही.

पोर्तुगीज राजवटीने देवळे पाडली, धर्मांतरासाठी दडपण आणले, हे झाकण्याचे कारण नाही. तथापि राजवटीचे पाप प्रजेच्या खाती मांडणे हा न्याय नव्हे. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो तत्कालीन उस्मानाबाद येथे 2020 मध्ये भरलेल्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोध झाला. हा विरोध अर्धवट इतिहासशिक्षणाचेच फळ नव्हे काय?

नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून दाखवली जाते. तो अभिमान अवश्य असावा. परंतु घंटेची कथा सांगणाऱ्या शिक्षकाने, वसईच्या गावांतून आजही मराठीत प्रार्थना होते, हेही त्याच तासाला सांगावे. विजयाचा इतिहास त्याने उणा होत नाही, पुरा होतो.