मिरजेच्या फलाटावरचे पेशंट

मिरज जंक्शनबाहेर रिक्षावाले उतारूला विचारतात, ‘‘कुठला दवाखाना?’’ ढालगाव, सांगोल्याकडची माणसं एका गाडीने येतात. कुडची, रायबागकडची दुसऱ्या. बगलेत एक्स-रेचं मोठं पाकीट, पिशवीत भाकरी-चटणी, आणि म्हातारीचा दंड धरून जिन्याची एकेक पायरी उतरणारा मुलगा. ‘‘आई, दम खा जरा,’’ म्हणत तो मधेच थांबतो, मागची गर्दी खोळंबते.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभारलं. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, कुर्डुवाडी, सगळीकडचे रूळ या गावात मिळतात. एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या इथं यायच्या. लांबचा गरीब पेशंट पोहोचू शकला म्हणून मिरजेत एवढे दवाखाने वाढले, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पॅसेंजर गाडी मला आरोग्यसेवेचाच भाग वाटते. कोरोनानंतर या गाड्यांना एक्स्प्रेसचं भाडं लागलं, किमान तिकीट 10 रुपयांवरून 30 वर गेलं. ते पुन्हा 10 वर यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. पेशंट आणि सोबतचा माणूस, जाऊन-येऊन: 40 रुपयांचे 120. टाके काढून झाले, आता बरं वाटतंय, मग फेरतपासणीला कशाला जायचं, हा विचार मजुरी बुडवून येणाऱ्या बाईच्या मनात याच हिशेबातून यायचा. दवाखान्याच्या कागदावर ‘पेशंट आला नाही’ एवढीच नोंद राहायची.

मनावर घेतलं तर रेल्वे काय करू शकते, हे याच स्टेशनाने दाखवलंय. एप्रिल 2016 मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाणी गेलं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी होतं. पुढे 50 वाघिणींची गाडी धावली. तेव्हा प्रशासन आणि रेल्वे एका टेबलाशी बसली होती.

तशीच बैठक आता पेशंटांसाठी व्हावी. बाह्यरुग्ण विभाग उघडण्याआधी पोहोचवणारी आणि संध्याकाळी परत नेणारी साधी गाडी कुर्डुवाडी आणि बेळगाव, दोन्ही मार्गांवर हवी. वेळापत्रक बदलण्याआधी दवाखान्यांना विचारा. चाकाची खुर्ची गाडी लागण्याआधीच फलाटावर असू द्या. आणि गाडीचा फलाट ऐनवेळी बदलू नका. ऑपरेशन झालेल्या माणसाला तो जिना पुन्हा चढवत नाही.